मरळीचं वारं

दिवाळी मागे पडली की आमच्या तलावावर एक वारं सुटतं. उगवतीकडून येतं, वाटेत ना झाडी ना डोंगर, त्यामुळं सरळ अंगावरच येतं. आज सकाळी सुटलं. मी अंगणात गोवऱ्या रचत होते. पत्र्यावरचा दगड गडगडत खाली आला, कोंबड्या भिंतीला चिकटल्या, आणि माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरचे जुने वळ आतून जागे झाले. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, चिरत गेल्याचे वळ आहेत ते.

शहरातली माणसं या दिवसांना गुलाबी थंडी म्हणतात. आमच्याकडं याला मरळीचं वारं म्हणतात, आणि त्यात गुलाबी काही नाही. ते ओठ फाडतं. डोळ्यांतलं पाणी गालावर उतरायच्या आत वाळवून टाकतं. तलावालाही सोडत नाही. धोब्यानं चादर आपटावी तसं पाणी दिवसभर काठावर आपटत राहतं. या वाऱ्यात जो तासभर पाण्याकडं तोंड करून बसू शकेल, त्यालाच मरळ मिळते, गाळात दबा धरणारा तो मासा.

मला हे सासऱ्यांनी शिकवलं. मी त्यांना मामा म्हणायचे, त्यांची पोरं आबा. नेकनूरच्या अलीकडं आमचं भोयांचं गाव, आणि त्या गावात मामांइतका मरळीच्या मागं लागलेला दुसरा माणूस नव्हता. उंच, हाडकुळे, डोक्याला कायम पटका. बोलायचे कमी, आणि बोलायचे तेही रागावल्यासारखं. लग्न होऊन आले तेव्हा मला ते माझ्यावरच चिडलेत असं वाटायचं. पुढं कळलं, ते पाण्याशीही तसंच बोलतात.

“नवा माणूस वाऱ्याला पाठ करून बसतो,” ते म्हणायचे. “त्याला गार लागत न्हाई, अन् मासाबी लागत न्हाई.”

वारं ज्या काठावर आदळतं, त्याच काठाला बसायचं. लाटा बारकी मच्छी तिकडं ढकलत नेतात, गाळ उठतो, पाणी चहासारखं होतं, आणि त्या गढूळ पाण्यात मरळ तोंड उघडून पडलेली असते. पावसाळ्यात ती बेडकीवर झडप घालते, उडी मारून घेते. थंडीत नाही. थंडीत ती पाठलाग करत नाही. आमिष तिच्या तोंडापुढं नेऊन ठेवावं लागतं, आणि ठेवून गप बसावं लागतं. वाऱ्यानं तंगूस धनुष्यासारखं वाकतं, गळ भलतीकडं वाहून जातो. म्हणून मामा गळाच्या वर मोटरीचा गंजका नट बांधायचे. दगडाखाली दडलेली बेडकी शोधायची, तिच्या पाठीच्या कातड्यातून गळ असा घालायचा की ती जगली पाहिजे. बेडकी हातात धडपडायची. पहिल्यांदा मी मान फिरवली, तर मामा म्हणाले, “बघ तिकडं. करायचं तर बघून कर.”

मग ओढ. ती झटका नसते. कुणीतरी ओलं पोतं अडकवावं तसं वजन लागतं. तेव्हा लगेच हिसका द्यायचा नाही. तिला तोंड फिरवू द्यायचं, गिळू द्यायचं. मग सगळ्या अंगानं मागं जायचं. त्यानंतर जे होतं त्याला मासेमारी म्हणू नये. ती मारामारी असते. “थंडीत मरळ आळशी हुती,” मामा सांगायचे, “पर तिचा राग काय कमी हुत न्हाई.”

माझ्या दोन बोटांची कातडी गेली ती अशाच एका ओढीत. मी तंगूस सोडलं नाही. मामांनी रक्त बघितलं, मरळ बघितली, आणि आपल्या पटक्याची कड फाडून दिली. शाबासकी त्यांच्याकडं तेवढीच असायची.

ते सगळं आज आठवतं ते एका सालामुळं. त्या साली पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली. दसऱ्याला तलाव अर्धाही नव्हता. पाण्याखाली गेलेल्या जुन्या शेतांचे बांध वर आले, बुडालेला गाडीरस्ता वर आला, आणि त्या रस्त्यावरून आमची शेरडं खुशाल चालत पाण्याला जायची. चौसाळ्याकडून टँकर यायचे. माणसं कोयते बांधून उसाला गेली. माझे मालक, लक्ष्मण, ट्रॅक्टर चालवायचे, तेही साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर गेले. घरात मामा, मी आणि धाकटे दीर अंकुश भाऊजी राहिलो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

तलाव सरकारचा, पण मासे आमच्या मच्छीमार संस्थेचे. संस्था दरसाल कटला-रोहूची पिल्लं विकत आणून पाण्यात सोडायची, आणि मोठी झाली की ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून जाळं टाकायचं. वाटे सारखे. मरळ मात्र कुणी सोडलेली नव्हती. ती तलावाची आपली होती आणि संस्थेची पिल्लं गिळायची. म्हणून गळानं मरळ कुणीही, कधीही धरावी अशी मुभा होती. जाळ्याला मात्र कुणी एकट्यानं हात लावायचा नाही. त्या साली पाणी आटायला लागलं तशी लोकांची घाई सुरू झाली. मामा बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, “उसाला गेलेल्यांचाबी वाटा हाय. निम्मं गाव भाईर असताना जाळं टाकायचं न्हाई.” त्यांचा शब्द राहिला. माणसं गुढीपाडव्याला परत येणार होती. पाणी तोवर टिकेल का, हे कुणीच विचारलं नाही.

अंकुश भाऊजींना उसाला जायचं नव्हतं. ते विहिरीवरच्या सुरुंगवाल्यांच्या टोळीत लागले. दुष्काळात तो एकच धंदा जोरात असतो. जो तो आपली विहीर खोल करत होता. दिवसभर कुठून ना कुठून धडाड असा आवाज यायचा आणि घरातली भांडी हलायची. भाऊजी संध्याकाळी यायचे ते पांढरे होऊन, भुवयांवर दगडाची पूड. हसरा माणूस. रागावले तरी हसूनच बोलायचे, त्यामुळं राग किती आहे ते कळायचं नाही.

संस्थेत एका घरातलं एकच नाव असायचं. आमच्या घरातलं म्हणून मामांनी थोरल्याचं, माझ्या मालकांचं, नाव लावलं होतं. एकदा मी भाकरी वाढत होते, तेव्हा भाऊजी तसंच हसत म्हणाले, “तळ्यात बापाची हयात गेली. संस्थेत भावाचं नाव हाय. मग मी कुणाचा, वयनी?”

मी म्हणाले, “आबांला विचारा की.”

“इचारलं. म्हनले, तुला मरळ हाय की.” आणि ते बराच वेळ हसत राहिले.

मग एका सकाळी वाऱ्याच्या काठाला पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगताना दिसलं. मला आधी कापूस वाटला. मी आणि मामा जवळ गेलो तर बारकी पिल्लं होती, पोटं वर करून, ओंजळीओंजळीनं. डोळे बाहेर आलेले. लाट त्यांना काठावर टाकायची आणि परत ओढून न्यायची. मामा वाकले, एक पिल्लू उचललं, पोट दाबलं. आतलं सगळं फुटलेलं होतं. पलीकडच्या काठाला, जिथं दोन बांधांमध्ये खोल डबकं उरलं होतं, तिथं कुणीतरी सुरुंगाची कांडी टाकून मोठे मासे वेचून नेले होते. बारके तसेच टाकले होते.

भाऊजी त्या दिवशी कामावर गेले नव्हते. सांडव्यापाशी पोरांबरोबर बसले होते. मामा चालत गेले ते गळाची वेळूची काठी हातात घेऊनच. विचारलं नाही, शिवी दिली नाही. पहिला तडाखा पाठीवर बसला, दुसरा मानेवर. काठी चिरफाळली तरी हात थांबेना. भाऊजींनी खूप वेळ मार खाल्ला, दोन्ही हातांत डोकं धरून. मग एकदम उठले, चिरकी काठी धरली, आणि बापाला असं ढकललं की मामा चिखलात पाठीवर पडले. पटका सुटून वाऱ्यानं लांब गेला. मामांचं उघडं, पांढरं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी मधे उभी राहिले. भाऊजींच्या तोंडातून रक्त येत होतं.

“समदं आटायलंय, आबा,” ते म्हणाले. “पाडव्याला हितं कुत्री फिरतील. तवा कुणाला वाटा देता? मेलेल्या माश्याचा वाटा देता का?”

“वाटा त्यांचा हाय,” मामा चिखलातून म्हणाले. “तुझा न्हाई.”

मामा माशांच्या वाट्याबद्दल बोलत होते, ते मला माहीत होतं. भाऊजींनी ते स्वतःबद्दल घेतलं: या घरात तुझं काही नाही.

त्यानंतर घरात दोन चुली मांडल्यासारखं झालं. एक जेवून उठला की दुसरा बसायचा. बाहेर वारं चढत चाललं होतं. दार लावलं तरी चुलीतला धूर घरात फिरायचा, पीठ उडायचं, अंथरुणात धूळ. मी आणि मामा रोज सकाळी ऊन चढल्यावर काठाला जायचो. मरळ लागत होती. पाणी कमी झालं की ती एका जागी दाटते. मामा ती ओढायचे ते आता वेगळ्याच जोरानं. मरळीचा जबडा फाटेल असा हिसका द्यायचे. मी एकदा म्हणाले, “मामा, दमानं.” त्यांनी ऐकलं नाही.

आणि मग ती दुपार. वारं एवढं की माणसाचं बोलणं शेजारच्या माणसाला पोचत नव्हतं. मी सांडव्याच्या उतारावर, दगडांच्या आडोशाला आमिष लावत बसले होते. मामा थोडं खाली पाण्याच्या कडेला. भाऊजी वरच्या बाजूनं आले. हातात कांडी, तिला सुतळीनं दगड बांधलेला. लपवाछपवी नव्हती. बापाला दिसावं म्हणूनच ते आले होते. समोरच सांडव्याखालचं डबकं, तलावातलं सगळ्यात खोल पाणी. उरलेले सगळे मासे तिथं गोळा झालेले.

मामांनी काठी खाली ठेवली आणि पाण्यात शिरले. धोतरासकट, पटक्यासकट. गुडघा, कंबर, छाती. डबक्याच्या मधोमध जाऊन भाऊजींकडं तोंड करून उभे राहिले.

भाऊजींनी ते बघितलं नाही. ते वाऱ्याला पाठ करून, वाकून, सदऱ्याच्या आडोशाला काडी ओढत होते. काडी विझत होती. दुसरी विझली. मग वातीनं पेट घेतला, आणि वाऱ्यानं ती फुरफुरत आत पळाली. भाऊजी फिरले, हात वर नेला, आणि समोर पाण्यात बाप दिसला.

“टाक,” मामा ओरडले. तो शब्द वाऱ्यातूनही ऐकू आला. “टाक माझ्यावर.”

भाऊजी दुसऱ्या बाजूला वळले. तिकडं दगडांत मी होते. आमची नजरानजर झाली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू तेव्हाही पुरतं गेलेलं नव्हतं. एकीकडं बाप, एकीकडं मी, आणि हातात ते फुरफुरणारं. त्यांनी हात मागं, कोरड्या सांडव्याकडं फेकायला नेला. सुटायच्या आत ती फुटली.

आवाज मला आठवत नाही. आठवतं ते त्यानंतरचं: दगडाच्या खपल्या माझ्या पदरात पडलेल्या, तोंडात सुरुंगाच्या दारूची कडू चव, आणि वारं एकदम बंद झालंय असं वाटलेलं. ते बंद झालं नव्हतं, माझे कान बंद झाले होते. भाऊजी उभेच होते. आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. मनगटाच्या पुढं काही नव्हतं.

मामा पाण्यातून कसे वर आले ते मी बघितलं नाही. ते आले, त्यांनी पटका काढला, आणि त्या पटक्यानं दंड एवढा आवळला की भाऊजी तिथंच गुडघ्यावर आले. कुणीतरी रस्त्याकडं जीप थांबवायला पळालं. धडाक्यानं गावातून माणसं धावत आली होती. त्यातली काही आमच्याकडं आली, आणि काही सरळ पाण्यात गेली. स्फोटाचा हादरा डबक्यालाही बसला होता. काही मासे भोवंडून वर आले होते. पाण्यात बाया उतरल्या, पदर खोचून, आणि मासे वेचायला लागल्या. इकडं दगडांवर रक्त वाहत होतं, तिकडं माझी चुलत सासू रोहू छातीशी धरून बाहेर येत होती.

मी दगड उचलले आणि मारायला सुरुवात केली. ओरडत होते की नाही ते ठाऊक नाही, मला ऐकू येत नव्हतं. एक दगड चुलत सासूच्या कपाळाला लागला आणि ती बसली. मासा तिनं सोडला नाही. तिच्या कपाळावर ती खूण शेवटपर्यंत राहिली, आणि मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

जीपमध्ये माझे कान हळूहळू उघडत होते, आणि मामा ओल्या कपड्यांनी थरथरत होते. बीडपर्यंत त्यांनी भाऊजींचा तो हात वर धरून ठेवला, छताला टेकवून. भाऊजींचे डोळे मिटायला लागले की मामा दुसऱ्या हातानं थोबाडीत मारायचे. “झोपू नको बे. झोपायचं न्हाई.” परत मारायचे. गाल लाल झाला, सुजला. मी आडवं यायला गेले तर मलाही बाजूला सारलं. कोल्हारवाडीचा उतार, शहराची पहिली घरं, दवाखान्याचं दार, तोवर मारतच होते. डॉक्टर नंतर म्हणाले की जागं ठेवलंत ते बरं केलंत. बाईनं पदरात लपवावा तसा मामांनी आपला हात धोतरात लपवला.

संस्थेची बैठक झाली तेव्हा मालकांच्या वतीनं मी गेले. बाई म्हणून कोपऱ्यात बसले. लोक म्हणत होते, अंकुशचं नाव संस्थेतून काढा. चेअरमन म्हणाले, “काढायला नाव तर पायजे. तो सभासदच न्हाई.” काही हसले. तेव्हा मामा उठले आणि म्हणाले, “आमच्या घराला या साली वाटा नको.” एवढंच बोलून निघून गेले. उसात राबणाऱ्या माझ्या नवऱ्याचा वाटाही त्यांनी त्यात देऊन टाकला होता. मी त्यांना अडवलं नाही.

भाऊजी घरी आले. एका कानानं ऐकू येईना. एका दुपारी मी त्यांना भाकरी कुस्करून देत होते, तेव्हा ते म्हणाले, “वयनी, आबांला सांगू नका. त्यांला वाटतंय मी टाकायला उशीर केला. मी टाकणारच हुतो. ते दिसले म्हून थांबलो.”

“त्यांला ठावं हाय,” मी म्हणाले.

मामा दाराच्या पलीकडं बसलेले होते. तिथून उठल्याचा आवाज आला, आणि लांब जाणाऱ्या चपलांचा. दोघं बोलत मात्र नव्हते. एका घरात, एका छपराखाली, वर्षभर ते एकमेकांशी बोलले नाहीत.

पाणी माघातच गेलं. पाडव्याला खरंच कुत्री फिरली. चिखल वाळला, त्याला माणूस आत जाईल एवढ्या भेगा पडल्या. लोकांनी कुदळी घेऊन चिखल खणला, कारण मरळ ओल्या गाळात दडून जगते. काही मिळाल्या. मालक परत आले, त्यांनी आधी भावाचा हात बघितला, मग माझ्या कानांचं विचारलं, मग सांडव्यावर जाऊन एकटे बसले.

पुढच्या साली पाऊस झाला. फार नाही, पण तलाव तलावासारखा दिसायला लागला. लोकांनी मरळ संपली म्हणून सांगितलं होतं. दिवाळीनंतर वारं सुटलं आणि वाऱ्याच्या काठाला गाळ उठला, त्यात तिची काळी पाठ दिसली.

भाऊजी त्या दिवशी आमच्याबरोबर आले, कुणी बोलावलं नसताना. डाव्या हातानं आणि दातांनी त्यांनी गळ लावला. मी मदतीला पुढं झाले, ते नको म्हणाले. मामा लांब बसले होते, नजर पाण्यावर. वारं डोळ्यांत वाळू मारत होतं. कितीतरी वेळ काही नाही. मग भाऊजींचा खांदा खाली गेला.

ती मोठी होती. एका हातानं आवरेना म्हणून त्यांनी तंगूस थोट्या हाताला गुंडाळलं, एक वेढा, दुसरा, आणि मागं पडले. वर्षभरात भरून आलेल्या कातडीत तंगूस रुतत गेलं. मी हाक मारली. त्यांनी दात आवळले, सोडलं नाही. टाचा वाळूत रोवून ते इंच इंच मागं सरकत राहिले, आणि शेवटी मरळ वाळूवर आली, शेपटीनं वाळू उडवत, जबडा उघडत.

मरळ जिवंतच विकतात. ओल्या पोत्यात ती बाजारापर्यंत तग धरते, आणि मेलेलीला गिऱ्हाईक नसतं. हे मामांना आमच्याहून जास्त ठाऊक. पण ते उठले, धावत आले, एक दगड उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. ती निपचित झाली, तरी घालत राहिले. खवले उडाले, वाळू लाल झाली, डोक्याचं काही उरलं नाही, आणि दगड वर जातच होता. त्यांच्या घशातून एक आवाज येत होता. तो मी जीपमध्येही ऐकला नव्हता.

“आबा,” भाऊजी म्हणाले. “मेली ती.”

“ठावं हाय मला,” मामा म्हणाले आणि परत मारलं.

भाऊजींनी डावा हात पुढं करून त्यांचं मनगट धरलं. दगड गळून पडला. मामा वाळूत बसले. मग त्यांनी तो थोटा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मांसात रुतलेलं तंगूस एकेक वेढा करून सोडवायला लागले. गाठ सुटत नव्हती. वाकून त्यांनी ती दातानं तोडली.

“दुखतंय का रं?” त्यांनी विचारलं.

दवाखान्यात, घरी, येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही विचारलं की भाऊजी हसून न्हाई म्हणायचे.

“लई दुखतंय, आबा,” ते म्हणाले.